चौतीस हजारांचं दार

काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर
ती निळी डबी.
मिसळणाच्या डब्याहून लहान,
तीन खुंट्या, पायाने दाबायची एक कळ,
पाठीवर कुणा परदेशी गृहस्थाची सही, स्वहस्ते.
चौतीस हजार. घासाघीस नाही.
मुस्तनसिर शेठ म्हणतात, कुलूप ठेव,
पण किल्ली हसून काढ.

तेरा वर्षं मी लॅमिंग्टन रोडवर पेडल विकतो.
आवाज फाटका करणारं, आवाज ओला करणारं,
आवाजाला विहिरीत सोडून पुन्हा वर ओढणारं.
आत काय असतं ते मला ठाऊक आहे:
समोरच्या फुटपाथवर किलोने मिळतात तसले कपॅसिटर,
आठ रुपयांची एक चिप,
आणि वर ओतलेलं काळं डांबर,
कुणी मोजू नये म्हणून.

मंगळवारी दुपारी बाई आल्या.
कोपरापर्यंत पिठाची पुसट रेघ.
"यज्ञेशची आई. घाडीगावकर.
काळाचौकीला पोळी-भाजी केंद्र आहे माझं.
शनिवारी येतो ना तो, ते डबडं वाजवायला?"
रबर लावलेलं पाकीट काउंटरवर ठेवलं,
पाकिटावर हात.
"खरं सांगा. घ्यावं का?"

हा प्रश्न मला रोज विचारतात,
फक्त त्यातलं 'खरं सांगा' वगळून.
मी सुरू केलं, मॅडम, याचा टोन, याचा सस्टेन…
त्या म्हणाल्या, मराठीत.

मग दोन्ही लावली.
आधी अठराशेचं, मग हे.
त्यांनी डोळे बिळे मिटले नाहीत,
पोळी फुगते का बघावं
तशा माझ्या बोटांकडे बघत राहिल्या.
"पहिल्यात कुणीतरी बंद खोलीत गातंय.
दुसऱ्यात तोच माणूस, तेच गाणं,
दार किलकिलं आहे."

कंपनीच्या माहितीपत्रकात आठ पानं आहेत.
त्यात हे नाही.

"म्हणजे दाराचे चौतीस हजार."
मी गप्प.
"नवा तवा आणला की आठ दिवस पोळ्या सुधारतात माझ्या.
नवव्या दिवशी तवा काळवंडतो
आणि पोळ्या पुन्हा माझ्याच."

माझ्या खाटेखाली सात डब्या आहेत.
सगळ्यांचे नववे दिवस उलटून गेलेत.
हे मी बोललो नाही. बहुतेक चेहऱ्यावर आलं असावं,
कारण त्यांनी पाकिटावरचा हात उचलला आणि म्हणाल्या,
"तो काय वाजवतो? तेवढं ऐकवा."

आता काय सांगू.
तो गाणं वाजवत नाही.
एक सूरसंच छेडतो, फक्त एक,
आणि तो विझेपर्यंत हलत नाही.
गिऱ्हाइकं वैतागतात.
मी तसंच केलं. तारांवरून एकदा हात फिरवला
आणि थांबलो.
आवाज फळ्यांवरून गेला, उकुलेल्यांच्या पोटात शिरला,
बारीक झाला, आहे की नाही असा झाला,
मग नव्हता.
बाहेर एका टेम्पोने रिव्हर्स घेतला.

"अकरा," त्या म्हणाल्या. मोजत होत्या.
"आमच्या खोलीत पंखा आहे, खडखडतो.
शेजारी शिलाई मशीन. खाली गिरणी, चक्कीची.
तिसऱ्या आकड्याच्या पुढे
काही ऐकू येणार नाही त्याला."

पाकीट पिशवीत गेलं.
"रिकाम्या हाताने दुकानातून उतरू नये,"
म्हणून तीस रुपयांच्या दोन नख्या घेतल्या,
एक पिवळी, एक लाल,
आणि पायरीवरून वळून,
"तो आला की बसू द्या हां. दहा मिनिटं."

शेठना मी म्हणालो, गिऱ्हाईक पक्कं नव्हतं.
महागडं पेडल घ्यावं का,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवारी पोरगं आलं,
सव्वाचारला, नेहमीसारखं, केस ओले.
मी कपाट उघडलं.
मग स्टुलावर चढून
दुकानाचे दोन्ही पंखे बंद केले.